आई-बाबांच्या घरातले स्मार्ट स्विच माझ्या फोनवर कसे घेऊ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : नाशिकला आई-बाबांच्या घरी स्विचबोर्डच्या आत वायफायची स्मार्ट मॉड्यूल बसवली, वायरमन जोडणी करून गेला, पण तुमच्या फोनला त्यातलं एकही सापडत नाही. आणि सापडलं तरी महिनाभराने म्युनिकला परत गेल्यावर तिथून दिवे, गिझर चालवता येतील का?

दोन्ही जमतं. मी ही कामं नेहमी करतो आणि फोन जोडताना लोक अडतात ते बहुतेक ठरलेल्या दोन-तीन ठिकाणीच.

सगळ्यात आधी वायरमनला फोन करा आणि विचारा, चालू करून बघताना त्याने मॉड्यूल स्वतःच्या फोनवर घेतली होती का. हे सर्रास होतं. त्यात त्याचा वाईट हेतू नसतो, पण तुमच्या घराचे स्विच त्याच्या अकाउंटवर राहतात. काही ब्रँडमध्ये जुन्या अकाउंटवरून काढल्याशिवाय ते नव्या अकाउंटवर येतच नाहीत. त्याला त्याच्या अ‍ॅपमधून ती सगळी काढून टाकायला सांगा, शक्यतो तुमच्यासमोरच. घराचं अकाउंट घरात राहणाऱ्यांच्या नावावर हवं, म्हणजे आईच्या किंवा बाबांच्या ईमेलवर. तुम्ही त्यात सदस्य म्हणून जोडून घ्या. उलटं केलंत तर तुमचा फोन हरवला किंवा नंबर बदलला की नाशिकमध्ये कुणाच्याच हातात काही उरत नाही.

बाजारातली बरीच मॉड्यूल आतून तुया या कंपनीच्या प्रणालीवर चालतात आणि स्मार्ट लाइफ नावाच्या अ‍ॅपमध्ये येतात. तुमचीही तशी असतील असं धरून पुढचं सांगतो. अकाउंट उघडताना अ‍ॅप देश विचारतं. तुम्ही आणि बाबा, दोघांनीही भारतच निवडा. तुम्ही जर्मनी निवडलंत तर तुमचं अकाउंट वेगळ्या विभागाच्या सर्व्हरवर जातं आणि बाबांनी घर शेअर करायचं म्हटलं की अडतं. परदेशातल्या मुलांची इथेच फसगत होते आणि अ‍ॅपमधला संदेश वाचून कारण काही कळत नाही.

आता जोडणी. ही मॉड्यूल बहुधा फक्त २.४ गिगाहर्ट्‌झच्या वायफायवर चालतात, ५ वर नाही. आजकालच्या राउटरमध्ये दोन्ही एकाच नावाने येतात आणि फोन ५ वर जाऊन बसतो. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोघांना वेगळी नावं द्या आणि फोन २.४ वाल्यावर घ्या. सुरक्षिततेचा प्रकार नुसता डब्ल्यूपीए३ असेल तर तो डब्ल्यूपीए२ करा, कारण स्वस्त मॉड्यूलना ३ झेपत नाही. वायफायच्या नावात इमोजी वगैरे असेल तर काढून टाका. नाव आणि पासवर्ड एकदा ठरवले की पुन्हा बदलू नका. बदललेत तर प्रत्येक बोर्ड नव्याने जोडावा लागेल.

अँड्रॉइड फोनमध्ये अ‍ॅपला लोकेशन, ब्लूटूथ आणि जवळपासच्या उपकरणांची परवानगी द्या. लोकेशन कशाला, असं वाटणं साहजिक आहे, पण त्याशिवाय अँड्रॉइड अ‍ॅपला वायफायचं नावच वाचू देत नाही. आयफोन असेल तर प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये लोकल नेटवर्कची परवानगी सुरू आहे ना बघा. पहिल्यांदा विचारलं तेव्हा घाईत नको म्हटलं असेल, तर पुढे कितीही शोधलं तरी काही दिसत नाही.

मग मॉड्यूल रिसेट करायचं. त्यासाठी बोर्ड उघडायची गरज नाही. बहुतेक मॉड्यूलमध्ये भिंतीवरचा त्याचा स्विच भराभर चालू-बंद केला की रिसेट होतं. किती वेळा ते सोबतच्या कागदावर असतं. आतलं बटण दाबावंच लागणार असेल तर मेन स्विच पाडून वायरमनलाच बोर्ड खोलू द्या, करंट असताना हात घालू नका. रिसेट झालं की मॉड्यूलवरचा छोटा दिवा जलद लुकलुकतो आणि अ‍ॅपमध्ये ते दिसायला हवं. नाहीच दिसलं तर दुसरी पद्धत वापरा. पुन्हा रिसेट करून दिवा सावकाश लुकलुकायला लागला की मॉड्यूल स्वतःचंच एक वायफाय सुरू करतं. फोन त्याला जोडायचा आणि मग अ‍ॅपमध्ये परत यायचं. या वेळी मोबाइल डेटा बंद ठेवा, कारण त्या वायफायवर इंटरनेट नसतं आणि फोन गुपचूप डेटावर सरकतो. एका वेळी एकच बोर्ड घ्या. तो जोडला की लगेच त्याला नाव द्या, आणि आई बोलताना जे म्हणते तेच द्या : देवघर, मागची पडवी, हॉलचा पंखा. ‘स्विच १’, ‘स्विच २’ असंच ठेवलंत तर आठवड्याने कुणालाच काही आठवणार नाही.

एखादं मॉड्यूल मुळात सुरूच होत नसेल तर वायरिंगकडे बघा. त्याला स्वतःला चालायला बहुधा न्यूट्रल, म्हणजे करंट परत जाण्याची तार, लागतो. आपल्याकडे ज्या बोर्डवर सॉकेट असतो तिथे न्यूट्रल आलेला असतो. जिन्यातल्या किंवा नुसत्या स्विचच्या बोर्डात तो बरेचदा नसतो, आणि ते वायरमनचं काम आहे.

म्युनिकहून चालवण्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. तुमचा आदेश कंपनीच्या सर्व्हरमार्गे घरी पोचतो, घरचं इंटरनेट तेवढं चालू हवं. लाइट गेले की राउटरही बंद पडतो, म्हणून राउटरला छोटा यूपीएस लावा. पुढे कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून राहायचं नसेल तर होम असिस्टंट बघा. घरातली स्मार्ट उपकरणं घरच्याच संगणकावरून चालवणारा हा २०१३ पासून चालत आलेला मुक्त प्रकल्प आहे, रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावर चालतो आणि त्याचं फोनचं अ‍ॅप मोफत आहे. मला स्वतःला तोच आवडतो. पण त्याची देखभाल करणारं कुणी घरात हवं, त्यामुळे तुमच्या घरी आत्ता सुचवणार नाही.

गिझरचं मात्र नीट वाचा. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टला जवळपास ९ अँपिअर ओढतो, ३००० वॅटचा १३. दिव्यांसाठीची छोटी मॉड्यूल अनेकदा १० अँपिअरचीच असतात, आणि ती तासन्‌तास पूर्ण भारावर चालवण्यासाठी नसतात. गिझरला १६ अँपिअरचंच लावा. अ‍ॅपमध्ये त्या स्विचच्या सेटिंगमध्ये रिले स्टेटस किंवा पॉवर-ऑन स्टेटस असा पर्याय असतो, तो ‘बंद’वर ठेवा. नाहीतर लाइट येताच गिझर आपोआप सुरू होऊ शकतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. शिवाय ठरावीक मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोयही लावून ठेवा. पाण्याच्या मोटारीला तर हे मॉड्यूल थेट लावूच नका. सुरू होताना ती नेहमीच्या कितीतरी पट करंट खेचते, मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे जास्त करंट झेपणारा वेगळा स्विच, हवा.

निघण्याआधी एक संध्याकाळ राउटर बंद ठेवा आणि आई-बाबांना घरात नेहमीसारखं वावरू द्या. भिंतीवरच्या स्विचने प्रत्येक दिवा, प्रत्येक पंखा चालला पाहिजे. एखादा नुसत्या फोननेच चालत असेल तर त्याची जोडणी चुकली आहे, ती तुम्ही तिथे असतानाच दुरुस्त करून घ्या.