साध्या डिजिटल कॅमेऱ्यात मागचं धूसर कसं करायचं?

पोळ्याला बैलजोडीचा फोटो काढला तर मागचा कोठा, तारेवरचे कपडे, सगळंच लख्ख येतं, हे तुमचं दुखणं. दोष तुमचा नाही. या कॅमेऱ्यांचा सेन्सर, म्हणजे आतला प्रकाश टिपणारा भाग, बहुधा जेमतेम 6 मिमी रुंद असतो, मोठ्या फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा 36. सेन्सर लहान, तितकं मागचंही लख्ख येतं. म्हणून बैल कोठ्याजवळून हलवा, धुऱ्यावर आणा. मागं पऱ्हाटी दूरवर पसरलेली हवी. ऑप्टिकल झूम (भिंगाचा खरा झूम) पूर्ण ताणा, फोकस बसेल तितकं जवळ जा आणि फक्त डोळा नि शिंगाचा बेगड चौकटीत घ्या. अख्खी जोडी हवी असेल तर धूसर विसरा. पुढं कापूस फुटला की बोंडाला मॅक्रो (अगदी जवळून टिपायचा मोड) लावा, दोन-चार बोटांवरून मागचं आपोआप विरघळतं. डिजिटल झूमच्या नादी लागू नका, तो नुसता चित्र कापून मोठं करतो. सांजेच्या कमी उजेडात हात हलला की फोटो हलतो. कोपर बंडीवर टेकवा.