आंब्याचा सीझन आणि लिथियमच्या गोळ्या

"डॉक्टर, पाच महिने झाले, हे अगदी पहिल्यासारखे आहेत. आता गोळ्या बंद केल्या तर चालतील ना?"

बायपोलर, म्हणजे मन कधी उधाणाच्या तर कधी नैराश्याच्या टोकाला जाणारा आजार. त्याच्या रुग्णांच्या घरून हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो. या वेळी विचारणाऱ्या ताई कोपरखैरण्याच्या. यजमान शेजारी मान खाली घालून बसले होते. दोघांच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

यजमान वाशीच्या घाऊक फळबाजारात गाळ्यावर काम करतात. मार्च ते मे आंब्याची आवक, रात्री-अपरात्री गाड्या लागणार, झोपेचं खोबरं ठरलेलंच. पण गेल्या सीझनला त्यांना झोपेची गरजच वाटेनाशी झाली. दोन तास पडले तरी ताजेतवाने. बोलणं थांबेना. एफडी मोडून त्यांनी तीन बागायतदारांना आगाऊ रक्कम देऊन टाकली. बायकोने अडवलं तर समोरचं ताट भिरकावलं. सुरुवातीला घरच्यांना वाटलं, धंद्यात जोर आलाय. धाकट्या भावाला मात्र आठवलं, की त्याआधीच्या पावसाळ्यात हाच माणूस दोन महिने भिंतीकडे तोंड करून पडून होता. आणि लग्नाआधीही एकदा असंच उधाण येऊन गेलं होतं.

ही आठवण फार मोलाची. उदास माणूस डॉक्टरकडे येतो, उधाणातला येत नाही. त्याला तर कधी नव्हे इतकं छान वाटत असतं. म्हणून नैराश्यावर उपचार घेताना पूर्वीच्या अशा दिवसांबद्दल आवर्जून सांगा. बायपोलरमध्ये नुसत्या नैराश्याच्या गोळ्यांनी काही जणांचं मन उलट्या टोकाला जाऊ शकतं.

ताईंना मी स्पष्ट सांगितलं: ते बरे आहेत ते लिथियमच्या गोळ्या चालू असल्यामुळे. 1949 साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादावर, म्हणजे अशा उधाणावर, लिथियमचा उपयोग दाखवला, आणि उधाणाचे-नैराश्याचे झटके परत येऊ नयेत म्हणून आजही त्याच्याइतकी भरवशाची औषधं थोडीच आहेत. ते एकदम बंद केलं तर आजार उसळून येण्याचा धोका वाढतो, आत्महत्येचाही. कधी थांबवायचंच ठरलं तर काही आठवडे ते काही महिने घेऊन, डॉक्टरांच्या नजरेखाली. ज्याला असे झटके पुन्हा पुन्हा आले आहेत त्याने वर्षानुवर्षांची तयारी ठेवावी.

तरी मला वाटत होतं, खरी अडचण वेगळीच आहे. मी यजमानांनाच विचारलं. थोड्या वेळाने म्हणाले, "हात थरथरतात. पेटी उघडून दाखवताना गिऱ्हाईक हाताकडे बघतं. मी पिऊन आलोय असं वाटत असेल त्यांना." पाच महिने त्यांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

बारीक थरथर हा लिथियमचा नेहमीचा त्रास आहे आणि त्यावर बरंच काही करता येतं. रक्तातलं प्रमाण तपासलं (शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी रक्त द्यायचं असतं), डोस थोडा उतरवला. मूत्रपिंड आणि थायरॉइडची तपासणी साधारण सहा महिन्यांनी लागते, तीही करून घेतली. मग कळलं, की कंबर दुखली की ते मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून घ्यायचे! डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांनी लिथियम रक्तात साठतं. उन्हाळ्यात घाम जाऊन पाणी कमी पडलं, जुलाब झाले, मीठ एकदम तोडलं, तरी तेच. उलट्या, हाताचं जोराचं थरथरणं, तोल जाणं, जीभ जड होणं असं काही दिसलं तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

निघताना ताई हळूच म्हणाल्या, "हे मोठ्याने हसले तरी माझ्या पोटात गोळा येतो." बिचाऱ्या पाच महिने पहाऱ्यावर होत्या. हसू द्या त्यांना, म्हटलं. लक्ष झोपेवर ठेवा. तेव्हापासून कालनिर्णयच्या चौकटीत, दुधाच्या हिशेबाशेजारी, रोजचे झोपेचे तास लिहिले जातात, आणि ते लिहितात यजमान स्वतः. लागोपाठ दोन रात्री झोप निम्म्यावर आली आणि तरी थकवा नसेल, तर मला फोन.

बाकीचंही त्यांनीच ठरवलं, बरे असताना. सीझनभर एटीएम कार्ड भावाकडे. शेठशी बोलून रात्रीच्या गाड्या बंद, सकाळचं काम. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आपल्याला पुढे कसे उपचार हवेत हे आधी लिहून ठेवता येतं, आपला प्रतिनिधी नेमता येतो. त्यांनी बायकोचं नाव दिलं. मरणाची भाषा तोंडी आली तर एकटं सोडायचं नाही, हेही घरात सगळ्यांना सांगून ठेवलं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दिवसरात्र, मोफत चालतो, मराठीतही बोलता येतं.

गोळ्या चालू आहेत. पुढचं रक्त फेब्रुवारीत, आंबा यायच्या आधी.