कोहा शिकण्यासाठी कोणता कोर्स करावा?

तुमची पदवी जुनी, कॉलेजात आठ-नऊ हजार पुस्तकं, यादी एक्सेलमध्ये आणि प्राचार्यांना कोहा हे ग्रंथालय चालवण्याचं सॉफ्टवेअर हवंय. कोर्स कोणता, हा तुमचा प्रश्न.

माझ्या मते, फी भरण्याआधी कार्यशाळेचं वेळापत्रक मागवा. पहिला दिवस इन्स्टॉलेशनवर जाणार असेल तर सोडा. ते काम एकदाच असतं, जाणकाराकडून करूनही घेता येतं. गाडं अडतं ते डेटापाशी.

आधी मार्क २१, म्हणजे पुस्तकाची नोंद क्रमांकांच्या रकान्यांत मांडण्याची प्रमाण पद्धत, हाताने भरायला शिका. 020 आयएसबीएन, 082 वर्गांक, 100 लेखक, 245 शीर्षक, 260 प्रकाशन आणि कोहाची स्वतःची 942 (साहित्यप्रकार) व 952 (प्रतीचा तपशील) एवढ्यांवर सुरुवात होते. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकातच दुसरा आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) 4 जीबी रॅम देऊन चाचणीचं कोहा ठेवा, त्यात पन्नासेक पुस्तकं नोंदवा. अनुवाद आणि बहुखंडी ग्रंथ मुद्दाम घ्या, गोंधळ तिथेच होतो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमधली कोहाची मालिका मोफत आहे. आवृत्ती जुनी, पण मूळ कामं तीच.

मग एक्सेल. आयएसबीएनचा रकाना 'टेक्स्ट' नसेल तर 9.78E+12 असलं काहीतरी दिसतं. मराठी मजकुराचा फॉन्ट एरियल करून पाहा: रोमन अक्षरांचा कचरा दिसला तर तो युनिकोड नाही. कन्व्हर्टरमधून काढल्यावर रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. 'पु. ल. देशपांडे' आणि 'देशपांडे, पु. ल.' यांना ओपनरिफाइन हे डेटा साफ करायचं साधन एका गटात आणतं. 'पुरुषोत्तम लक्ष्मण' मात्र तुम्हालाच जोडावं लागेल.

एक्सेलच्या यादीतून मार्क नोंदी बनवणाऱ्या मार्कएडिटने फाइल बनवताना एका ओळीची एक नोंद होते, म्हणजे पाच प्रतींची पाच पुस्तकं! कोहाचा जुळणी-नियम इथे वाचवत नाही, कारण तो आधीच तालिकेत असलेल्या नोंदींशी ताडून पाहतो, त्याच फाइलमधल्या नोंदींशी नाही. म्हणून आधी प्रत्येक शीर्षकाची एकच ओळ चढवा, इंडेक्सिंग (शोधासाठीची सूची बनणं) होऊ द्या, मग उरलेल्या प्रती दुसऱ्या फाइलने जोडा. जुन्या मराठी पुस्तकांना आयएसबीएन नसतो. तिथे शीर्षक आणि लेखक दोन्हींवर जुळवा. शाखेचा आणि साहित्यप्रकाराचा कोड कोहात आधी तयार हवा, अक्षरन्‌अक्षर तसाच. दाखल क्रमांक बारकोड म्हणून वापरत असाल तर तो दुबार नको, नाहीतर ती प्रत गाळली जाते.

चढवल्यावर देवनागरीत शोधून पाहा. कोहातला शोध चालवणाऱ्या झेब्राची मूळ मांडणी रोमन लिपीसाठी आहे. आयसीयू (इतर लिप्या हाताळणारी सोय) लावून संपूर्ण इंडेक्स पुन्हा बांधल्याशिवाय मराठी शोध बेभरवशाचा राहतो. प्रशिक्षकाला हाच प्रश्न विचारा, त्याची तयारी लगेच कळते.

पदोन्नतीसाठी प्रमाणपत्र हवं असेल तर तो हिशेब वेगळा. तो अभ्यासक्रम ग्राह्य धरला जाईल का, हे नाव नोंदवण्याआधी विद्यापीठाकडून लेखी घ्या.