वडिलांना व्हीलचेअर लागते, तर कोल्हापुरात दिव्यांग माणसाला सरकारी स्कीममधनं तळमजल्याचं घर मिळतं का?

मिळतं की, पण आधी कागद तयार ठेवा. वडिलांना व्हीलचेअर लागते म्हणताय, मग पहिलं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढा, त्यावर दिव्यांगत्व 40 टक्के तरी पाहिजे, 38 असले तर आरक्षणाला उपयोग नाही. 2016 च्या दिव्यांग कायद्यात कलम 37 खाली घरांच्या योजनांत 5 टक्के आरक्षण आहे, त्यात बायकांना प्राधान्य. म्हाडाचं म्हणाल तर कोल्हापूर पुणे मंडळात येतं, लॉटरीचा फॉर्म ऑनलाइन, दिव्यांग कॅटेगरी निवडायला विसरू नका, माझा भाऊ माझा फॉर्म भरताना विसरला आणि बसलो मी जनरलमध्ये (अजून ऐकवतोय त्याला). पंतप्रधान आवास शहरीमध्ये तळमजला देताना दिव्यांगांना प्राधान्य असं गाईडलाईनमध्येच आहे, मागणी लेखी द्या आणि पोच घ्या.

आणि तळमजला म्हणून लगेच खूश होऊ नका बरं का. मी बघितलेल्या एका बिल्डिंगला पार्किंगपासनं चार पायऱ्या, बाथरूमचं दार दोन फुटाचं आणि माझी खुर्ची सव्वादोन! रॅम्पचा उतार 1:12 पाहिजे, म्हणजे अर्ध्या फुटाच्या पायरीला सहा फूट रॅम्प. जाताना टेप घेऊनच जावा.