तब्येत किरकोळ, तरी हार्टअटॅक कसा?

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रं हृदयाबद्दलची आहेत. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ३१ वर्षं फिजिशियन म्हणून काम करते आहे, आणि हेच प्रश्न माझ्या ओपीडीतही रोज येतात. त्यातली चार पत्रं इथे घेते आहे.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ फाल्गुनात गेला. वय ४३. तीन एकर ऊस, दोन म्हशी, पहाटे चारपासून राबणारा माणूस. वजन ५८ किलो. दारूला कधी शिवला नाही, कसलंच व्यसन नाही, तंबाखू तेवढी मळायचा. रात्री जेवल्यावर ‘पित्त झालंय, छातीत जळजळतंय’ म्हणाला. सोडा प्यायला, पाठ चोळून घेतली आणि पडून राहिला. पहाटे गेला. डॉक्टरांनी हार्टअटॅक सांगितला. अंगावर चरबी नसलेल्या माणसाला अटॅक येतो कसा? बाकीच्या दोन भावांची आता फार काळजी वाटते.
— एक बहीण, कराड तालुका

ताई, तुमचं पत्र वाचून मी बराच वेळ तसंच हातात धरून बसले होते. अशी रात्र मी अनेक घरांत पाहिली आहे. रुग्ण माझ्यापर्यंत पोचतो तेव्हा बहुतेकदा उजाडलेलं असतं.

अंगावरची चरबी आणि रक्तवाहिनीतली चरबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांच्या आतल्या अस्तराखाली चरबीचा थर वर्षानुवर्षं साचत जातो. एखाद्या दिवशी तो थर फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि वाहिनी बंद होते. माणूस जाड आहे की बारीक, हे त्या गुठळीला कळत नाही.

आता तंबाखू. ‘व्यसन नाही, तंबाखू तेवढी’ हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा ऐकते. २०१६-१७च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रात विडी-सिगारेट ओढणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले, म्हणजे देशाच्या मानाने फारच कमी. पण तंबाखू खाणारे, मळणारे, मिश्री लावणारे २४.४ टक्के, जवळपास दर चौघांत एक. आपल्याकडे बायका पहाटे चुलीपुढे बसून मिश्री लावतात आणि त्याला कुणी व्यसन म्हणत नाही. तंबाखू चघळली तरी निकोटिन रक्तात उतरतंच, नाडी वाढते, रक्तदाब चढतो. ५२ देशांतल्या रुग्णांवर झालेल्या ‘इंटरहार्ट’ या मोठ्या अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांना हार्टअटॅकचा धोका दुपटीहून जास्त आढळला होता. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३व्या वर्षाच्या आसपास येतो, इतरांना ५९च्या आसपास. म्हणजे आपण जवळपास सहा वर्षं आधीच उंबरठ्यावर येतो.

किरकोळ अंगाबद्दल पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी फार मोलाचं काम केलं आहे. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३पासून त्यांनी गरोदर बायकांची आणि त्यांच्या बाळांची नोंद ठेवली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. पण आपल्या बाळांत कमी होते ते स्नायू आणि अवयवांचे आकार. चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. २००४ साली त्यांनी स्वतःचा आणि एका इंग्रज सहकाऱ्याचा फोटो छापला. उंचीच्या प्रमाणात दोघांचं वजन अगदी सारखं, पण इंग्रजाच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. तो फोटो मी ओपीडीत भिंतीवर लावला आहे. कारण काटा ५८ दाखवतो म्हणून निर्धास्त झालेले लोक रोज येतात. आपल्याकडे वजनापेक्षा कमरेचा घेर खरं बोलतो. पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर गेला तर सावध व्हावं.

ताई, आता ‘पित्ता’बद्दल सांगते, आणि हे सगळ्यांनीच वाचावं अशी माझी हात जोडून विनंती आहे. छातीच्या मधोमध दडपण, वजन ठेवल्यासारखं किंवा जळजळ, सोबत दरदरून घाम, जबड्यात, डाव्या हातात किंवा पाठीत कळ, जीव घाबरा होणं, यातलं काहीही असेल तर सोडा, ओवा, पाठ चोळणं यात वेळ घालवू नका. मधुमेह असलेल्यांत आणि बायकांत तर कधीकधी नुसता दम लागतो किंवा मळमळतं. लगेच १०८ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने, जिथे ईसीजी (हृदयाचा आलेख) निघतो अशा सर्वांत जवळच्या दवाखान्यात जा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या दोन-तीन तासांत जेवढं काम करतं तेवढं नंतर करत नाही, कारण हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत असतो. तपासून पित्तच निघालं तर घरी परत या. रात्री दोन वाजता ‘काही नाही, पित्त आहे’ असं सांगून रुग्णाला परत पाठवताना मला जो आनंद होतो, तसा दुसरा कशात होत नाही.

तुमच्या दोन्ही भावांनी याच महिन्यात रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावं. सख्ख्या भावाला ५५च्या आत अटॅक आला असेल तर बाकीच्यांचा धोका वाढतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं. दाब आणि साखर गावच्या उपकेंद्रात फुकट तपासतात, तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची. तंबाखूची पिशवी मात्र उद्यावर न ढकलता आजच टाकावी.

प्रश्न : आमच्या लहानपणी माणसं पटकीने, क्षयाने जायची. आता ज्याच्या त्याच्या तोंडी ‘हार्ट’. रोग खरोखर वाढला, की तपासण्या वाढल्या? आणि हा शहरातल्या खात्यापित्या लोकांचा रोग ना?
— एक निवृत्त गुरुजी, भोर

गुरुजी, दोन्ही वाढलं आहे. पण रोगाची वाढ तपासणीपुरती नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि सहकारी संस्थांनी राज्यवार मांडलेला हिशेब २०१८ साली प्रसिद्ध झाला. १९९० साली देशातल्या एकूण मृत्यूंपैकी १५.२ टक्के हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या रोगांनी, अर्धांगवायू धरून, होत होते. २०१६ साली ते २८.१ टक्के झाले. रुग्ण २.५७ कोटींवरून ५.४५ कोटींवर गेले, मृत्यू १३ लाखांवरून २८ लाखांवर. यातली काही वाढ लोकसंख्येची आणि वाढत्या आयुर्मानाची आहे. पण मला त्यातला एक आकडा सर्वांत टोचतो. या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त माणसं सत्तरीच्या आतली होती. म्हणजे मुलीचं लग्न व्हायचं आहे, सोसायटीचं कर्ज फिटायचं आहे, अशा वयातली.

याच हिशेबात आहाराचे दोष आणि वाढलेला रक्तदाब ही दोन कारणं सगळ्यांत वर आहेत. त्यानंतर हवेचं प्रदूषण येतं, आणि चुलीचा धूरही त्यातच मोडतो. मग कोलेस्टेरॉल, तंबाखू, साखर, वजन. रुग्णांच्या प्रमाणात केरळ, पंजाब आणि तमिळनाडू आघाडीवर. महाराष्ट्र आणि गोवा त्यांच्या मागोमागच आहेत.

शहरी रोग हा समज मात्र सोडून द्यावा लागेल. २००० ते २०१५ या काळातल्या मृत्यूंच्या देशव्यापी अभ्यासात, ३० ते ६९ वयाच्या लोकांत हृदयविकाराच्या मृत्यूंचं प्रमाण खेड्यांत वाढत जाऊन शहरांच्या पुढे गेलं. कारण उघड आहे. शहरातला माणूस अर्ध्या तासात ईसीजीपाशी पोचतो. आमच्याकडच्या वाडीवस्तीवर गाडी शोधण्यातच तेवढा वेळ जातो. त्याच अभ्यासात असंही दिसलं की, आधीपासून हृदयविकार ठाऊक असूनही दगावलेल्यांपैकी निदान निम्मे लोक नियमित औषध घेत नव्हते. तुमच्या वर्गात ही ओळ फळ्यावर लिहून ठेवली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटतं.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना (६१) दोन वर्षांपूर्वी बीपी निघालं, १७०/१००. गोळी सुरू झाली आणि आता १२८/८० येतं. ते म्हणतात, ‘बीपी गेलं, आता गोळी कशाला? एकदा लागली की सुटत नाही.’ मागच्या महिन्यापासून त्यांनी गोळी बंद केली आहे. मी सून, फार बोलता येत नाही. काय करू?
— एक सून, हडपसर

हे उत्तर त्यांना वाचून दाखवा, ताई. तुम्हाला बोलता येत नसेल तर मी बोलते.

माझे वडील एसटीच्या आगारात मेकॅनिक होते. इंजिनाच्या आवाजावरून बिघाड सांगायचे. १९८९ साली मी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला होते. त्यांना बीपी निघालं, गोळी लागली. दोन महिन्यांनी मोजलं तर १३०/८०. ‘बरं झालं’ म्हणून त्यांनी गोळी सोडली. वर्षाच्या आत एका सकाळी चहाची बशी त्यांच्या उजव्या हातातून निसटली. नंतर तो हात कधीच नीट उचलला नाही. पाना धरता येईना, बोलणं अडखळायला लागलं. त्यानंतर ते अकरा वर्षं जगले, पण आगारात परत गेले नाहीत. घर आवरताना आईला देवघरातल्या फडताळात गोळ्यांची उरलेली पट्टी सापडली. सात गोळ्या होत्या. ती पट्टी माझ्याकडे अजून आहे.

काका, १२८/८० हा आकडा गोळी घेतल्यामुळे आलेला आहे. गोळी आहे तोवर दाब खाली राहतो, ती थांबली की काही दिवसांत किंवा आठवड्यांत चढतो, आणि चढताना काही जाणवत नाही. डोकं दुखेल, गरगरेल, मग कळेल, असं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या अहवालानुसार ३० ते ७९ वयाच्या सुमारे १८.८ कोटी भारतीयांना उच्च रक्तदाब आहे. अशा दर १०० जणांपैकी फक्त ३७ जणांना त्याचं निदान झालेलं आहे, ३० जण औषध घेतात आणि १५ जणांचा दाब आटोक्यात आहे. तुम्ही त्या १५ जणांत होतात. परत त्यांच्यात या.

‘गोळी चिकटते’ असं सगळे म्हणतात. चिकटतो तो आजार, गोळी नाही. वजन उतरलं, मीठ सुटलं, रोजचं चालणं जमलं, तर डॉक्टर गोळी कमी करतात आणि मीही अनेकांची केली आहे, पण ते मोजून-मापून, हळूहळू. काही जण अ‍ॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने पायावर सूज आली म्हणून गुपचूप बंद करतात. तसं असेल तर सांगा, दुसरी गोळी देता येते. खर्चाची अडचण असेल तर सरकारी केंद्रात गोळी मोफत मिळते. २०१७च्या अखेरीस सुरू झालेल्या रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात आमचा सातारा सुरुवातीच्या जिल्ह्यांपैकी होता. त्यात एकदम महिन्याभराच्या गोळ्या जवळच्या केंद्रात द्यायच्या असं ठरलं. त्याआधी पाच-सात दिवसांच्या गोळ्यांसाठी रोजगार बुडवून यावं लागायचं, आणि माणसं यायचीच बंद व्हायची.

ताई, उद्या सकाळी सासऱ्यांचा दाब मोजा. चहा-तंबाखूनंतर अर्धा तास थांबून, पाठ टेकवून पाच मिनिटं शांत बसवून, हात छातीच्या उंचीवर टेकवून, न बोलता. दोनदा मोजा आणि आकडे वहीत लिहा. १४०/९०च्या वर आले तर ती वही घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे जा. आले नाहीत तरी जाच. १८०च्या वर असेल तर त्याच दिवशी. आणि तोंड वाकडं होणं, हातातलं बळ जाणं, बोबडं बोलणं यातलं काही दिसलं तर वही राहू दे, थेट मोठ्या रुग्णालयात.

प्रश्न : बीपीसाठी आम्ही साधं मीठ बंद करून सैंधव वापरतो. ते चालतं ना?
— एक गृहिणी, चिपळूण

नाही चालत. सैंधवही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच असतं. दाबाच्या दृष्टीने फरक काही नाही, उलट आयोडीन मिळत नाही. पोटॅशियमवालं कमी सोडियमचं मीठ मिळतं, पण मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी किंवा काही विशिष्ट बीपीच्या गोळ्या चालू असलेल्यांनी ते विचारल्याशिवाय घेऊ नये. प्रश्न मिठाच्या जातीचा नसून मापाचा आहे. दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, त्यात लोणचं, पापड, फरसाण, पाव सगळं आलं. तुमच्या कोकणात तर सुकट, बोंबील आणि खारवलेल्या कैऱ्याही.

याचा हिशेब घरीच करता येतो. चार माणसांच्या घरात दिवसाला २० ग्रॅम मीठ धरलं तर एक किलोचा पुडा ५० दिवस पुरायला हवा, आणि बाहेरचं खारट खाणं होत असेल तर त्याहूनही जास्त. आज नवा पुडा फोडाल तेव्हा त्यावर पेनाने तारीख लिहा. पुढचा पुडा कोणत्या तारखेला फोडला आणि घरात जेवणारी माणसं किती, एवढं मला पोस्टकार्डावर कळवा. मी वाट बघते.