विक्रीनंतरचे वर्ष

प्रश्न : आमची कंपनी व्यावसायिक ग्राहकांना मालसाठ्याचा हिशेब ठेवणारे सॉफ्टवेअर वार्षिक वर्गणीवर पुरवते. साठएक ग्राहक आहेत. अलीकडेच 'कस्टमर सक्सेस'साठी, म्हणजे ग्राहकाला सॉफ्टवेअरचा प्रत्यक्ष उपयोग व्हावा आणि तो टिकून राहावा या कामासाठी, आम्ही दोघांची नेमणूक केली. परंतु तक्रारी, प्रशिक्षण, नूतनीकरण आणि वाढीव विक्री ही सगळीच कामे त्यांच्यावर येऊन पडली आहेत. अग्रक्रम कसा लावावा?

उत्तर : सर्वप्रथम तक्रारी त्यांच्याकडून काढून घ्याव्यात. तक्रारनिवारण हे सपोर्टचे काम आहे आणि ते ग्राहकाचा फोन आल्यावर सुरू होते. कस्टमर सक्सेसचे काम मात्र ज्याचा फोन येत नाही त्या ग्राहकाकडे पाहण्याचे आहे. दोन्ही कामे एकाच माणसाकडे दिली, की वाजणाऱ्या फोनमध्येच दिवस संपतो.

सॉफ्टवेअरचा कायमचा परवाना विकला जात असे तेव्हा बहुतेक पैसे आधीच हाती पडत, आणि पुढे ते वापरले गेले नाही तरी नुकसान मुख्यतः ग्राहकाचे होई. वर्गणीच्या पद्धतीत ग्राहक मिळवण्याचा खर्च हळूहळू वसूल होतो, त्यामुळे तो लवकर सोडून गेला तर पुरवठादारच तोट्यात जातो. 'अडोबी'ने 2013 मध्ये आपली प्रमुख सॉफ्टवेअरे वर्गणीकडे वळवली, तेव्हापासून हा हिशेब मोठ्या कंपन्यांनाही चुकलेला नाही. महिन्याला 3 टक्के ग्राहक गळणे ऐकायला किरकोळ वाटते. पण तीच गळती बारा महिने चालली तर 100 पैकी सुमारे 69 उरतात. 1 टक्क्याने मात्र 88 ते 89 टिकतात.

म्हणून पहिला अग्रक्रम नव्या ग्राहकाला पहिला उपयोग प्रत्यक्ष मिळवून देण्याचा. येथे अनेक कंपन्यांची गल्लत होते : लॉगिन दिले, प्रशिक्षणाचे दोन वर्ग झाले, म्हणजे ऑनबोर्डिंग (नव्या ग्राहकाला सॉफ्टवेअरवर रुळवणे) पूर्ण, असे त्या समजतात. आपल्या बाबतीत महिनाअखेरचा साठा ज्या दिवशी केवळ सॉफ्टवेअरवरून जुळला आणि समांतर चाललेली जुनी वही किंवा एक्सेलची फाईल बंद झाली, तो दिवस खरा. तोपर्यंत आपले सॉफ्टवेअर ग्राहकाच्या कर्मचाऱ्यांना दुप्पट कामच देत असते. जुनी वही बंद झाली का, हा साधा प्रश्न मला डॅशबोर्डवरील रंगीत आलेखांपेक्षा अधिक सांगून जातो.

हे काम बहुधा जुन्या माहितीपाशी अडते. एकाच वस्तूची तीन नावे असतात, कुठे नग तर कुठे पेटी असे मोजमाप असते, आणि ती माहिती नीट करणे हे ग्राहकाकडे कोणाचेच ठरलेले काम नसते. तेव्हा ग्राहकाच्या बाजूने हे कोण करील आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे पहिल्याच बैठकीत लेखी ठरवून घ्यावे. त्याआधी आपल्या विक्री विभागाकडूनही तीन गोष्टी लिहून मागाव्यात : ग्राहकाने खरेदी कशासाठी केली, निर्णय कोणी घेतला आणि विकताना आपण कोणते शब्द देऊन बसलो. तिसरे उत्तर मिळवायला थोडा आग्रह धरावा लागतो.

दुसरा अग्रक्रम गप्प होत चाललेल्या ग्राहकाकडे लक्ष देण्याचा. पूर्वी पाच जण वापरत होते, आता एकच वापरतो. खरेदीसाठी आग्रह धरणारा अधिकारी नोकरी सोडून गेला. प्रश्न विचारणे अचानक थांबले. कोणी सगळी माहिती एकदम उतरवून घेतली. यांतील एखादे चिन्ह दिसले की त्याच आठवड्यात बोलावे.

साठ ग्राहकांची विभागणी केवळ वर्गणीच्या रकमेवर करू नये. सुरळीत चाललेल्या मोठ्या ग्राहकापेक्षा पहिल्या तीन महिन्यांतल्या मध्यम ग्राहकाला आपला वेळ अधिक लागतो. नूतनीकरणाची बोलणी मुदतीच्या तीन-चार महिने आधी सुरू करावीत, कारण ग्राहकाचे अंदाजपत्रक आपल्या मुदतीची वाट पाहत नाही. ज्याची गरज आपले सॉफ्टवेअर मुळातच भागवू शकत नाही, असा ग्राहक कितीही भेटी देऊन टिकत नाही. त्याची नोंद विक्री विभागाकडे जावी.

प्रश्न : समाधान-सर्वेक्षणात 9 गुण देणाऱ्या ग्राहकानेच नूतनीकरण नाकारले. मग या सर्वेक्षणांचा उपयोग काय?

उत्तर : गुण देणारा आणि पैसे मंजूर करणारा, या बहुधा दोन वेगळ्या व्यक्ती असतात. रोज सॉफ्टवेअर वापरणारा कर्मचारी समाधानी असू शकतो आणि त्याच वेळी त्यापासून झालेला लाभ वरिष्ठांना कधी दाखवलाच गेलेला नसतो.

फ्रेड रायकेल्ड यांनी 2003 मध्ये मांडलेली 'नेट प्रमोटर स्कोअर' ही पद्धत (आमची शिफारस इतरांना कराल का, यावर 0 ते 10 गुण मागणारी) आपण वापरत असाल, तर तिचे गणितही ध्यानात घ्यावे. 9 आणि 10 गुण देणाऱ्यांच्या टक्केवारीतून 0 ते 6 गुण देणाऱ्यांची टक्केवारी वजा होते. 7 आणि 8 वाले बाजूला राहतात. केवळ 20 उत्तरे आली असतील आणि एकाने 9 ऐवजी 6 दिले, तर एकूण आकडा 10 ने घसरतो. एवढ्याशा नमुन्यावर तिमाहीचे यशापयश ठरवणे मला पटत नाही. आकड्यापेक्षा त्याखाली लिहिलेला अभिप्राय वाचावा, आणि निर्णय घेणाऱ्या व्यक्तीशी वर्षातून दोनदा तरी स्वतंत्र बैठक घ्यावी.

प्रश्न : याच चमूला वाढीव विक्रीचे उद्दिष्ट द्यावे का?

उत्तर : नूतनीकरणाची जबाबदारी अवश्य द्यावी, विक्रीचे उद्दिष्ट देऊ नये, असे माझे मत आहे. प्रत्येक भेटीत काहीतरी विकले जाणार हे ओळखले, की ग्राहक अडचणी मोकळेपणाने सांगेनासा होतो. वाढीची संधी दिसल्यास चमूने ती विक्री विभागाला कळवावी, एवढे पुरे.

मोजमाप करताना दोन आकडे वेगळे ठेवावेत. वर्षारंभी जुन्या ग्राहकांचे उत्पन्न 100 होते, त्यांपैकी 15 गेले आणि उरलेल्यांकडून 20 वाढले, तर निव्वळ आकडा 105 येतो आणि बैठकीत सगळे खूश होतात. वाढ न धरता टिकलेले उत्पन्न मात्र 85 च असते. आपल्या दोन माणसांच्या कामाची परीक्षा या 85 वरून करावी, आणि गेलेल्या 15 मागच्या प्रत्येक ग्राहकाला कारण विचारणारा फोन त्यांनी नव्हे, तर आपण स्वतः करावा.