आईला डिमेन्शिया झालाय, हे सोसायटीत सांगावं की झाकून ठेवावं?

सांगा. बाबांना पटायला वेळ लागेल, पण सांगा.

तुम्ही लिहिलंय की आईचं निदान दोन महिन्यांपूर्वी झालं, तुम्ही कोथरूडला राहता आणि बाबांनी बजावलंय की ही गोष्ट घराबाहेर जाता कामा नये. बाबांवर चिडू नका. आमच्याकडे माझ्या आईने हेच केलं होतं. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, निदान २०१९ साली झालं आणि पुढची तीन वर्षं आम्ही ते दडवलं. कोणी विचारलं तर ठरलेलं उत्तर, "वय झालं हो, विसरतात थोडं." आईला धास्ती होती ती माझ्या भाचीच्या लग्नाची. घराण्यात वेड आहे म्हणतील, असं ती म्हणायची. हे वेड नव्हे, हा मेंदूचा आजार आहे, आणि थेट वारशाने उतरणारा प्रकार फार विरळा. हे तिला तेव्हाच कोणी शांतपणे बसून सांगायला हवं होतं. मीही सांगितलं नाही.

अण्णांचं लहानपण शनिवार पेठेत, ओंकारेश्वराजवळच्या वाड्यात गेलं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. या आजारात बहुतेक वेळा आधी ताजं जातं, जुनं बराच काळ टिकतं. सकाळी काय खाल्लं ते अण्णांना आठवत नाही, पण वाड्याच्या कोणत्या पायरीपर्यंत पाणी आलं होतं ते आठवतं. पूर आला तो दिवसा. अण्णांच्या डोक्यातला पूर मात्र संध्याकाळी येतो. उजेड कमी झाला की अस्वस्थपणा वाढतो, हे या आजारात पुष्कळांना होतं. (आईलाही होत असेल तर साडेचारलाच घरातले सगळे दिवे लावून टाका. आम्हाला याचा खरोखर फरक पडला.)

जुलै २०२२. पाऊस लागून राहिला होता. आई देवापाशी दिवा लावत होती, मी ऑफिसातून यायची होते. अण्णांनी कापडी पिशवी घेतली आणि जिना उतरले. वॉचमनने "नमस्कार अण्णा" म्हणत गेट उघडून दिलं. त्याचं काय चुकलं? रोज फिरायला जाणारा माणूस फिरायला निघाला, एवढंच त्याला दिसलं. आम्ही त्याला काही सांगितलंच नव्हतं.

रात्री साडेनऊला मला एका चष्मेवाल्याचा फोन आला. अण्णा कर्वे रोडने, लकडी पूल ओलांडून, चालत शनिवार पेठेत पोहोचले होते. जुना वाडा आता नाही, तिथे इमारत आहे आणि खाली पार्किंग. त्या पार्किंगमध्ये ते भिजलेले उभे होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होते, "माई वर गेली का?" माई म्हणजे माझी आजी. समोरच्या औषधांच्या दुकानदाराने त्यांना आत बसवलं, पिशवी उघडून पाहिली. पिशवीत रेशनकार्ड, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन पोळ्या आणि देवघरातला बाळकृष्ण. पुरातून निघताना माणूस जे उचलेल तेच. खिशात चष्म्याची डबी होती, तिच्यावर दुकानाचा नंबर होता. चष्मेवाल्याने वहीतून माझा नंबर काढला, म्हणून अण्णा परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई स्वतः खाली उतरली आणि वॉचमनला म्हणाली, "यांना मेंदूचा आजार आहे. एकटे दिसले तर जाऊ देऊ नका, मला हाक मारा." एवढंच बोलली आणि वर येऊन खूप रडली. मग एकेक करत आम्ही समोरचं घर, किराणावाले काका, कोपऱ्यावरचा रिक्षास्टँड, इस्त्रीवाला यांना सांगितलं. नातेवाईक सगळ्यात शेवटी. तुम्हीही याच क्रमाने जा. आई वाट चुकली तर तिला आधी बघणार आहे तो इस्त्रीवाला, नागपूरची आत्या नव्हे.

कधीही आईसमोर उभं राहून तिच्याबद्दल बोलू नका. तिला अजून बरंच कळतं, अपमान तर नक्की कळतो. जमलं तर आधी तिलाच विचारा, कोणाला सांगितलेलं चालेल म्हणून. आणि सांगाल त्याला वागायचं कसं तेही सांगा. "ओळखलंत का मला?" अशी परीक्षा घेऊ नका, स्वतःचं नाव आधी सांगा. वाद घालू नका. आमचा वॉचमन आता संध्याकाळी अण्णा पिशवी घेऊन आले की खुर्ची पुढे करतो. "अण्णा, पाणी ओसरलं. सगळे माडीवर सुखरूप आहेत. चहा घ्या." हे त्याला कोणी शिकवलं नाही. अण्णा चहा घेतात आणि त्याच्याबरोबर वर येतात.

२०२३ साली गणपती १९ सप्टेंबरला बसले आणि २१ सप्टेंबर हा जागतिक अल्झायमर दिन. त्या दिवशी आरतीनंतर मी मंडपात दहा मिनिटं मागून घेतली. डिमेन्शिया हे लक्षणांचं एकत्रित नाव आहे, त्यातले ६० ते ७० टक्के रुग्ण अल्झायमरचे असतात. भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे, म्हणजे शंभरातल्या सातांना. रक्तदाब, साखर, कमी ऐकू येणं यांकडे वेळीच लक्ष दिलं तर धोका कमी होतो. आणि कृपा करून "साठी बुद्धी नाठी" म्हणणं सोडा, त्या एका म्हणीपायी माणसं वर्षानुवर्षं डॉक्टरकडे जात नाहीत. प्रसाद वाटताना तीन घरची माणसं मला हळूच बाजूला घेऊन बोलली. तिन्ही घरं आमच्यासारखीच गप्प होती.

सांगितल्याचा आणखी एक उपयोग. मागच्या वर्षी अण्णा एका रात्रीत पार बदलले, सकाळी हाकेला ओ देईनात. आम्ही समजलो, आजार वाढला. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाईंना सगळं माहीत होतं. त्या म्हणाल्या, "काल बोलले माझ्याशी. एका रात्रीत असा बदल डिमेन्शियाने होत नाही, आधी रक्त-लघवी तपासा." सोडियम उतरलं होतं. चार दिवसांत अण्णा पूर्ववत झाले. आईचं बी-१२ आणि थायरॉइड तपासलंय ना? नसेल तर या आठवड्यात करून घ्या.

बँकेचं आणि इच्छापत्राचं काम आई सही समजून करू शकते तोवरच उरका. नुसत्या पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीवर विसंबू नका. माणसाची समज गेली की ती कायद्याने टिकत नाही. आईच्या पर्समध्ये, ब्लाउजच्या आत शिवलेल्या पट्टीवर, चपलेतसुद्धा तुमचा नंबर असू द्या. ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन १४५६७ आहे, ती बाबांच्या फोनमध्ये घालून ठेवा.

बाबांना माझ्या आईशी बोलायचं असेल तर मला मेसेज करा. हे लिहिण्याआधी मी तिला विचारलंय, ती हो म्हणाली. संध्याकाळी पाच ते सात सोडून केव्हाही.